विश्लेषण : सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को – हवेत वीस तास, मग प्रवास बत्तीस तासांचा कसा?

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला आणि सोलापुरातले आईवडील पहिल्यांदाच तिकडे निघालेले, हे चित्र आता जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत कुठल्याही गल्लीत दिसते. निघण्याआधी भेटायला येणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो : किती लांब आहे? किती तास लागतात? मोबाइलवर शोधले तर अंतर साडेतेरा हजार किलोमीटर आणि वेळ सुमारे साडेसोळा तास अशी उत्तरे येतात. तिकिटावर मात्र २७ तास छापलेले असतात. घरातून निघून तिकडच्या घरी पोहोचेपर्यंतचे तास मोजले तर आकडा तिशी ओलांडतो. यातले काहीच खोटे नाही, प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो एवढेच.

दोन विमानतळांमधले अंतर मोजतात कसे?

मोबाइलवर दिसणारे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ती सापडत नाही, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. त्यासाठी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा सोलापूरवर धरावा, दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर न्यावे आणि ताणावा. दोरा पूर्वेकडे जपान आणि प्रशांत महासागरावरून जाईल असे वाटते. प्रत्यक्षात तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो. दिल्लीजवळून, हिमालय ओलांडून, मध्य आशिया आणि सैबेरियावरून तो ७३ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढतो आणि मग अलास्काच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरतो.

या वाटेची लांबी सुमारे १३,५८० किलोमीटर भरते. गंमत अशी की सोलापूरहून आधी दिल्लीला आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, तर एकूण अंतर जेमतेम २०-२५ किलोमीटरने वाढते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाण्यासाठी दिल्ली म्हणजे वाकडी वाट, असा समज असतो. ती जवळपास वाटेवरच आहे. मुंबईमार्गे हेच अंतर १३,८७० किलोमीटर होते, बंगळूरुमार्गे साडेचौदा हजार आणि दुबईमार्गे १५,३०० किलोमीटर.

एक खबरदारी. विमान कंपन्या आणि वैमानिक अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तर रस्त्यावरचा मैल १.६ किलोमीटरचा. एखाद्या ठिकाणी ७,३०० आणि दुसरीकडे ८,४०० मैल असे वाचायला मिळाले, तर दोन्ही बरोबर असू शकतात.

मग विमान त्या सरळ रेषेने का जात नाही?

ती रेषा गणितातली आहे. आकाशात देश आहेत, डोंगर आहेत आणि वारे आहेत.

डोंगरांचे आधी पाहू. सोलापूर-दिल्ली रेषा पुढे ओढली की हिमालय आणि तिबेटच्या पठाराचा पश्चिम भाग लागतो. विमाने १०-१२ किलोमीटर उंचीवरून उडतात, म्हणजे एव्हरेस्टच्याही वरून. तरीही तिबेटवरून शक्यतो जात नाहीत. कारण असे की केबिनमधला हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला काही मिनिटांत साधारण तीन किलोमीटर उंचीवर उतरावे लागते, म्हणजे प्रवाशांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. तिथे खाली उतरायला जागाच नाही.

दुसरी अडचण सीमांची. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, आठवडाभरात भारतानेही तसेच केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना त्यामुळे आधी दक्षिणेकडे गुजरातच्या दिशेने येऊन अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. वळसा म्हणजे जादा इंधन, जादा इंधन म्हणजे जादा वजन, आणि लांबच्या काही फेऱ्यांना मध्ये युरोपात इंधनासाठी उतरणे भाग पडले. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा दिलेल्या कारणांत हेही एक होते. याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच घडले होते. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना या बंदीची झळ दिल्लीपेक्षा कमी बसते, कारण त्यांना समुद्र जवळच आहे. आखाताचेही तसेच. २३ जून २०२५ रोजी कतारचे आकाश काही तासांसाठी बंद झाले आणि तेवढ्याने जगभरच्या विमानांची वेळापत्रके दोन दिवस विस्कळीत झाली.

तिसरी गोष्ट प्रवाशांना कधी कळतही नाही. दोन इंजिनांच्या विमानाने असाच मार्ग घ्यायचा असतो, की वाटेत एक इंजिन बंद पडले तरी ठरवून दिलेल्या मिनिटांत एखाद्या विमानतळावर उतरता येईल. महासागर आणि ध्रुवीय प्रदेशावर असे विमानतळ मोजकेच आहेत.

ध्रुवावरून जाण्याचा फायदा होतो का?

९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुसाठी एअर इंडियाचे पहिले थेट विमान उडाले. कॉकपिटमध्ये सर्व महिला होत्या. कॅप्टन झोया अगरवाल यांच्याबरोबर पापागरी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या वैमानिक होत्या. त्या वेळी भारतातल्या कोणत्याही विमानतळाशी जोडणारी ही सर्वांत लांब थेट फेरी होती, दोन विमानतळांमधले अंतर जवळपास १४ हजार किलोमीटर. विमान उत्तर ध्रुवावरून आले.

येथे एक बारकावा आहे. बंगळूरु आणि सॅन फ्रान्सिस्कोमधली गणिती रेषा ध्रुवावरून जातच नाही. ती ७१ अंश अक्षांशापर्यंत पोहोचून खाली वळते. तरी ध्रुवाची वाट निवडली जाते, कारण खालच्या अक्षांशांवर समोरून येणाऱ्या जोरदार वाऱ्यांशी झुंजण्यापेक्षा थोडे जास्त अंतर शांत हवेतून कापणे स्वस्त पडते. लांबच्या उड्डाणात जमिनीवरच्या किलोमीटरपेक्षा हवेतून किती अंतर कापावे लागले याला महत्त्व असते. दर दिवशी हवामानाचा अंदाज घेऊन मार्ग नव्याने आखला जातो. म्हणून आज गेलेल्या विमानाचा आणि उद्याच्या विमानाचा मार्ग शेकडो किलोमीटरने वेगळा असू शकतो.

त्या पहिल्या फेरीचे घड्याळही पाहण्यासारखे आहे. विमान तिथल्या ९ तारखेच्या रात्री साडेआठच्या सुमारास निघाले आणि बंगळूरुला ११ तारखेच्या पहाटे उतरले. कॅलेंडरवर पाहिले तर १० जानेवारी हा अख्खा दिवस प्रवासात गेला. पण तिथे रात्रीचे साडेआठ होते तेव्हा इथे १० तारखेचे सकाळचे दहा वाजले होते. त्यात उड्डाणाचे १७ तास मिळवले की पहाटेचे तीन. ‘दीड दिवस विमानात बसलो’ असे परतलेली मंडळी सांगतात, त्यामागे पुष्कळदा हा तारखांचा घोळ असतो.

जायला आणि यायला वेगळा वेळ का?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना ठिकाण ‘आपल्याकडे येते’ आणि वेळ वाचतो, असे स्पष्टीकरण बऱ्याचदा ऐकू येते. ते चूक आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. खरे तर अनुभव उलट आहे. मुंबईहून लंडनला, म्हणजे पश्चिमेला, जाताना साधारण दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आसपास.

फरक वाऱ्यांचा आहे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, वेगवान वायुप्रवाह असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला पाठीमागून १०० किलोमीटरचा वारा मिळाला तर जमिनीवरून पाहता त्याचा वेग हजार होतो, समोरून आला तर आठशे. मुंबई-लंडन हे ७,२०० किलोमीटरचे अंतर पहिल्या वेगाने सात तास बारा मिनिटांत कापले जाईल, दुसऱ्याने नऊ तासांत. प्रत्यक्षात सगळ्या वाटेवर सारखा वारा नसतो, त्यामुळे फरक तासाभराचा राहतो.

दख्खनवर मात्र पावसाळ्यात हे चित्र उलटते. जून ते सप्टेंबर या काळात द्वीपकल्पाच्या वर, १४-१५ किलोमीटरच्या उंचीला, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. त्याचा शोध भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात लावला. प्रवासी विमाने त्याच्या थोडी खालून उडतात, पण त्याचा परिणाम त्यांनाही जाणवतो.

अंतरावरून वेळ काढायचा सोपा हिशेब आहे का?

आहे, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो. जेट विमान असेल तर किलोमीटरमधल्या अंतराला ८५०ने भागावे आणि अर्धा तास मिळवावा. वर जाणे, खाली येणे, वळणे यांत हा अर्धा तास जातो. मुंबई-हाँगकाँग ४,२७० किलोमीटर, म्हणजे पाच तास आणि अर्धा, साडेपाच तास. बंगळूरु-सॅन फ्रान्सिस्को १४ हजार किलोमीटर, म्हणजे १७ तास. वेळापत्रकाच्या जवळपास येतो. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून जहाजाने चीनला निघाले, तेव्हा हाँगकाँग गाठायला सुमारे दोन आठवडे लागले होते.)

वेळापत्रकात छापलेला वेळ मात्र निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान पार्किंगच्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे पार्किंगला थांबेपर्यंतचा तो असतो. मुंबईसारख्या ठिकाणी धावपट्टीकडे रांगेत सरकण्यात किंवा उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालण्यात अर्धा तास सहज जातो. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. कंपन्या हा वेळ धरूनच वेळापत्रक लावतात. एखादे विमान ‘वीस मिनिटे लवकर’ उतरते ते बहुधा याच शिल्लक वेळामुळे, वैमानिकाने वेग वाढवल्यामुळे नव्हे.

सोलापूरकरांचा खरा प्रश्न पहिल्या टप्प्याचा का?

साडेतेरा हजार किलोमीटरच्या प्रवासात सोलापूरकराला सर्वाधिक छळतात ते पहिले साडेतीनशे किलोमीटर.

होटगी रोडवरच्या विमानतळावरून अनेक वर्षे नियमित प्रवासी विमान नव्हते. धावपट्टीच्या मार्गात येणारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी हा शहरातला वर्षानुवर्षांचा वाद होता. ऊस उत्पादक सभासद एका बाजूला, विमानसेवा मागणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये न्यायालये. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. नूतनीकरणानंतर २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी विमानतळाचे दूरस्थ पद्धतीने उद्घाटन केले. पहिले व्यावसायिक विमान त्यानंतरही आठ महिन्यांनी, ९ जून २०२५ रोजी, फ्लाय ९१ कंपनीच्या गोवा सेवेने मिळाले. १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरने मुंबईशी जोडले. बोरामणीचा मोठा विमानतळ मात्र कागदावरच आहे.

सोलापूर-गोवा हवाई अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास, मुंबई ३६०, बंगळूरु ५२५. गोव्याच्या फेरीसाठी एटीआर जातीचे, पंख्याच्या इंजिनांचे विमान वापरले जाते. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे ८५०चा हिशेब तिथे लागू नाही. स्टार एअरचे एम्ब्रेअर १७५ हे ७६ आसनांचे जेट आहे. एवढ्या कमी अंतरात जेट विमानालाही पूर्ण वेग गाठून फार वेळ उडता येत नाही, चढणे संपते तोच उतरणे सुरू होते.

आता तुलना. रेल्वेने सोलापूर-मुंबई अंतर ४५५ किलोमीटर, म्हणजे हवाई अंतरापेक्षा शंभर किलोमीटरने जास्त. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत ते साडेसहा तासांत कापते. विमान सव्वा तासात. पण विमानतळावर दीड-दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि बाहेर पडणे धरले, तर विमानाचा हिशेबही चार तासांवर जातो. दोन-अडीच तास वाचतात हे खरे, मात्र ते विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी. रात्री निघून सकाळी मुंबईत सोडणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस अजूनही परदेशी जाणाऱ्यांच्या पसंतीला उतरते, यामागे सवयीइतकाच हाही हिशेब आहे.

दुसरा पर्याय मुंबईकरांच्या लक्षात येत नाही, सोलापूरकरांच्या येतो. तो म्हणजे हैदराबाद. शमशाबादचा आंतरराष्ट्रीय विमानतळ रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या थोडा पुढे, बहुतांश वाट चौपदरी महामार्गाची, पाच-सहा तासांची. मुंबईचा रस्ता चारशे किलोमीटरचा आणि पुण्यानंतर घाट, टोलनाके आणि शहरातली कोंडी. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक कुटुंबांना हैदराबाद तसेही परके नाही. पुणे सर्वांत जवळ, अडीचशे किलोमीटर, पण तिथून परदेशी थेट विमाने मोजकीच.

तिकिटावरचे २७ तास घरापासून ३२ कसे होतात?

एक साधे उदाहरण घेऊ : सोलापूरहून विमानाने मुंबई, तिथून दुबई, दुबईहून सॅन फ्रान्सिस्को. घरून होटगी रोडला अर्धा तास. विमानतळावर दोन तास. मुंबईपर्यंत सव्वा तास. मुंबईत टर्मिनल बदलणे, पुन्हा सामान देणे, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी यांसाठी पाच तास. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर, सव्वातीन तास. दुबईत तीन तास. दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३ हजार किलोमीटर, १६ तास. तिथे इमिग्रेशनची रांग आणि सामान, दीड तास. बेरीज साडेबत्तीस.

यात हवेतले तास साडेवीस. उरलेले बारा तास जमिनीवरचे आहेत आणि प्रवासाचे नियोजन करताना हातात असतात ते हेच बारा. विमानाचा वेग कुणाला वाढवता येत नाही. मुंबईतले पाच तास तीनवर आणता येतील असे पाहणाऱ्याला वाटते, पण सोलापूरचे विमान तासभर उशिरा आले की तेच गणित अंगाशी येते. वयस्कर प्रवासी असतील तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवलेली बरी. चालता येत नाही म्हणूनच ती घ्यायची असते असे नाही. मोठ्या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत एक-दीड किलोमीटर चालावे लागते, आणि पाट्या वाचत रस्ता शोधण्याची धास्तीही वाचते.

तातडीने यायचे झाल्यास किती वेळ धरावा?

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. वेळ आली की घरातल्या मोठ्यांना तो दहा मिनिटांत सोडवावा लागतो : मुलगा अमेरिकेतून निघतोय, थांबायचे की अग्नी द्यायचा?

हिवाळ्यात कॅलिफोर्नियात शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता फोन गेला, तर सोलापुरात शनिवारी सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. तिकीट मिळवून, सामान भरून विमानतळावर पोहोचेपर्यंत सहा तास धरू. रात्री एकला विमान सुटले, म्हणजे इथे शनिवारी दुपारचे अडीच. एका थांब्यासह मुंबईपर्यंत २२ ते २४ तास. म्हणजे रविवारी दुपारी दीडच्या आसपास मुंबई. बाहेर पडायला एक तास. सोलापूरचे विमान ठरावीक दिवशी आणि ठरावीक वेळेलाच असल्याने ते मिळेलच असे नाही, म्हणून रस्त्याचे आठ तास. घरी पोहोचायला रविवारी रात्रीचे साडेदहा. पहिल्या फोनपासून ३८ तास, तेही सगळे सुरळीत झाले तर. हैदराबादचे तिकीट तेवढ्याच वेळाचे मिळाले तर रस्त्यावरचे दोन-अडीच तास वाचतात.

सूर्यास्तानंतर अंत्यसंस्कार न करणाऱ्या घरात याचा अर्थ सोमवारची सकाळ असा होतो. म्हणजे पार्थिव दोन रात्री शवागारात ठेवण्याची तयारी. न्यूयॉर्क किंवा न्यूजर्सीहून येणाऱ्याचे चार-पाच तास कमी होऊ शकतात, कारण मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि थेट विमान मिळाले तर प्रवास १५-१६ तासांचा. लंडनहून येणारा त्याच रात्री निघाला तर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत घरी पोहोचू शकतो.

यात आणखी एक गोष्ट अडते, जिचा अंतराशी संबंध नाही. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल आणि ओसीआय कार्ड काढलेले नसेल, तर भारतात यायला व्हिसा लागतो. तो मिळेपर्यंत विमानात बसताच येत नाही. सुनेचा, जावयाचा, नातवंडांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे आणि त्यांची कागदपत्रे चालू आहेत की नाहीत, हे शांत वेळी एकदा फोनवर विचारून ठेवता येते. विषय काढणे अवघड जाते, पण ३८ तासांचे ६० होतात ते बहुतेक वेळा इथेच.

तिकीट काढताना काय पाहावे?

सर्वांत आधी, सोलापूर ते अमेरिका हे एकच तिकीट आहे की दोन वेगळी? एकाच पीएनआरवर सगळे टप्पे असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्याने पुढचे चुकल्यास पुढच्या प्रवासाची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी ठरते. सोलापूर-मुंबईचे तिकीट वेगळे काढले असेल, तर मुंबईहून सुटणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी ‘आलाच नाही’. लाखभराचे तिकीट तिथेच बुडू शकते. दोन वेगळी तिकिटे असतील तर मुंबईत पाच-सहा तासांचे अंतर ठेवावे. धुके, पाऊस यांच्या दिवसांत आदल्या दिवशीच मुंबई गाठणारे शहाणे.

सामानाचेही तसेच. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची मुभा असते, अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात. वेगळी तिकिटे असतील तर सोलापूर-मुंबई टप्प्यावर १५ किलोचाच नियम लागतो. दोन सोलापुरी चादरी, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांनी भरलेल्या बॅगांचे जादा वजनाचे पैसे होटगी रोडवरच मोजावे लागतात. अशा वेळी मोठे सामान घेऊन जाणाऱ्याला रेल्वे परवडते.

मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईचे विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी खुले झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने सुटू लागली. तिकिटावर ‘मुंबई’ एवढेच वाचून चालणार नाही. जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम, नव्याचा एनएमआय. एकावर उतरून दुसऱ्यावरून सुटायचे असेल, तर मध्ये ठाणे-बेलापूर किंवा अटल सेतूमार्गे तास-दीड तासाचा रस्ता आहे, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त.

आणि शेवटी, पोहोचण्याच्या वेळेपुढे छापलेले छोटेसे ‘+१’. ते दुसऱ्या दिवशी पोहोचणार असे सांगते. अमेरिकेहून येताना ते ‘+२’ही असते. तिकिटावरच्या सर्व वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. कॅलिफोर्निया आणि भारत यांच्यातला फरक हिवाळ्यात साडेतेरा तास असतो, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा, कारण तिकडे घड्याळे एक तास पुढे करतात. विमानतळावर न्यायला येणाऱ्याला वेळ कळवताना भारताची वेळ सांगू नये, तिकिटावर छापलेली तिकडचीच सांगावी.